फेरन : घरी शिवलेल्या एका हिवाळी पोशाखाचा इतिहास

काश्मीरच्या वस्त्रांचा विषय निघाला की आपल्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा येते ती शाल. मोगल दरबाराला तिचे वेड होते, पुढे युरोपातही तिचे वेड पसरले. १८४६ च्या अमृतसरच्या तहानुसार गुलाबसिंगाने ब्रिटिश सरकारला दरवर्षी जो नजराणा द्यायचा होता, त्यात एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या होत्या. एखादे वस्त्र राजकीय करारात कलम म्हणून यावे, हे तसे दुर्मीळच.

पण ज्या माणसाने ती शाल विणली त्याच्या स्वतःच्या अंगावर काय होते? त्याच्या घरातली बाई डिसेंबरात पाणी आणायला बाहेर पडे तेव्हा काय घालून जाई? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे फेरन. जाड लोकरीचा, सैल, लांब, समोर गळ्यापाशी चीर असलेला अंगरखा. स्त्री-पुरुष, लहान-मोठे, हिंदू-मुसलमान सगळे तो वापरत. शालीचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे आहे, कारण शालीवर कर होता. दाग-शाल नावाचे खाते शालीवर शिक्का मारून वसुली करी, त्यामुळे हिशेब राहिले, तक्रारी राहिल्या. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात शालविणकरांनी या जाचाविरुद्ध मोर्चा काढला आणि त्यात कित्येकांचा जीव गेला, तेही नोंदीत आहे. घरच्यासाठी शिवलेल्या फेरनचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्याचा इतिहास आपल्याला दुसऱ्या वाटेने शोधावा लागतो. थोडा प्रवाशांच्या लेखनातून, आणि बराचसा प्रत्यक्ष कपड्याच्या शिवणीतून.

या पाठात आपण नेमके तेच करणार आहोत. फेरनबद्दल बाहेरून आलेल्या लोकांनी खूप लिहिले आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी कपड्यावरून माणसांचा स्वभाव ठरवला आहे : आळशी, भित्रे, अस्वच्छ. कपडा कसा बेतला आहे, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिले. आधी तेच पाहू.

थंडी आणि बेतणी

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८५ मीटर उंचीवर आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो, त्याला चिलई कलान म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा चिलई खुर्द आणि दहा दिवसांचा चिलई बच्चा. थोरला, धाकटा आणि बाळ अशी ही थंडीची तीन भावंडे. या सत्तर दिवसांत नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा थर धरतो. फेरनची रचना या सत्तर दिवसांसाठी आहे, हे मनात ठेवले तर तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पारंपरिक फेरन बेतताना मुंढा कापत नाहीत. पुढचा आणि मागचा भाग म्हणजे जवळजवळ सरळ आयत. बाही हीसुद्धा सरळ रुंद पट्टी, ती खांद्याला काटकोनात जोडायची. घेर हवा म्हणून दोन्ही बाजूंना कळ्या घालायच्या. गळ्याला समोर उभी चीर द्यायची. कमरेला आकार नाही, छातीला चुण्या नाहीत. असे का? एक कारण कापडाचे आहे. हातमागावरचा पट्टू, म्हणजे मेंढीच्या लोकरीचे जाड कापड, अरुंद पन्ह्याचे असे. अरुंद कापडातून गोलाकार कापत बसले तर तुकडे वाया जातात, आणि लोकरीचा तुकडा वाया घालवणे कोणत्याही घराला परवडत नव्हते. सरळ पट्ट्या, सरळ शिवण आणि उरलेल्या तिरप्या तुकड्यांच्या कळ्या असा हा हिशेब आहे. खणाचा अरुंद पन्हा पाहून चोळी बेतणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे कारण कांगडीचे. विणलेल्या वेताच्या टोपलीत मातीचे भांडे आणि त्यात कोळशाचे निखारे, अशी ही हातात धरायची शेगडी. फेरनच्या आत कांगडी धरायची म्हणजे दोन्ही हात बाहीतून काढून आत घेता आले पाहिजेत, आणि कपडा निखाऱ्यापासून दूर राहिला पाहिजे. म्हणून एवढा घेर, म्हणून एवढी रुंद बाही. हिवाळ्यात श्रीनगरच्या रस्त्यावर रिकाम्या बाह्या लोंबवत चालणारी माणसे दिसतात, त्यांचे हात आत कांगडीभोवती असतात. फेरन हा अंगावरचा कपडा आहेच, पण एका अर्थाने तो एका माणसापुरता तंबूही आहे.

बाहेरच्या फेरनच्या आत त्याच आकाराचा सुती थर घालतात, त्याला पोत्स म्हणतात. लोकर अंगाला टोचते, आणि जाड लोकर थंडीत धुतली तर वाळत नाही. सुती पोत्स मात्र काढून धुता येतो. दोन थरांमध्ये हवा अडकून ऊब वाढते ती वेगळीच. पंडित स्त्रियांचा फेरन घोट्यापर्यंत लांब असे आणि कमरेला लुंगी नावाचा कापडी पट्टा बांधला जाई. मुसलमान स्त्रियांचा फेरन साधारणतः त्याहून आखूड. लांब फेरनच्या खालच्या भागात एक आडवी दुमड घालून ती शिवून टाकत, तिला लाड म्हणतात (आपल्या मराठी लाडाशी याचा संबंध नाही). ही दुमड कशासाठी? शोभेसाठी असे उत्तर नेहमी मिळते. पण परकर-पोलक्याच्या काळात आपल्या आज्या मुलींच्या परकराला खालून टीप घालून ठेवत आणि मुलगी वाढली की ती उसवून परकर लांब करत, हे आठवले म्हणजे या दुमडीमागेही काटकसर असावी असे मला वाटते.

अकबराची गोष्ट

फेरनबद्दल एक गोष्ट फार पसरलेली आहे. अकबराने १५८६ मध्ये काश्मीर जिंकले, पण तिथले लोक लढवय्ये होते. त्यांचे पौरुष खच्ची करावे म्हणून त्याने सर्वांना हा बायकी, पायघोळ अंगरखा घालण्याची सक्ती केली, आणि तेव्हापासून काश्मिरी माणूस आळशी व भित्रा झाला. ही गोष्ट खोऱ्यात सांगितली जाते, जुन्या प्रवासवर्णनांत येते, आणि आज मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातही सापडते.

विद्यार्थ्यांनी अशा कथेकडे कसे पाहावे? पहिला प्रश्न, त्या काळचे लिहिलेले काय आहे? अबुल फझलच्या आइन-ए-अकबरीत बादशाही वस्त्रागारावर आणि शालींवर स्वतंत्र मजकूर आहे. अकबराने काही पोशाखांना नवी नावे दिली, शाल दुहेरी करून पांघरण्याची पद्धत आणली, लाहोरमध्येही शालींचे कारखाने वाढले, हे सगळे त्यात येते. बादशाहाला कपड्यांत किती रस होता ते या मजकुरावरून कळते. फेरनच्या सक्तीचा मात्र त्यात उल्लेख नाही.

दुसरा पुरावा त्याच्या मुलाचा. जहाँगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला आणि तुझुक-ए-जहाँगिरीत त्याने खोऱ्याचे सविस्तर वर्णन केले. तिथले लोक पट्टूचा लांब सदरा घालतात आणि तो घातला नाही तर हवा बाधते, अन्न पचत नाही अशी त्यांची समजूत आहे, असे तो सांगतो. बायका विणकराकडून पट्टू न धुता घरी आणतात, त्याचा सदरा शिवतात आणि तीन-चार वर्षे, म्हणजे तो फाटेपर्यंत, पाण्याला लावत नाहीत, असेही त्याने नोंदवले आहे. जिंकल्याला अवघी चौतीस वर्षे झाली होती. वडिलांच्या हुकमाने हा पोशाख सुरू झाला असता तर वडिलांबद्दल इतक्या अभिमानाने लिहिणाऱ्या जहाँगिराने ते सांगितलेच असते. त्याच्या लिहिण्यात तर हा पोशाख म्हणजे तिथल्या लोकांची जुनी सवय आहे.

तिसरा पुरावा भूगोलाचा. लडाखमध्ये गोंचा हा जाड लोकरीचा सैल झगा आहे. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचा चोळा लोकरीचा, घोळदार, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराने आवळलेला असतो, आणि त्या दोराच्या वरच्या घोळात मेंढपाळ कोकरू ठेवून चालतो. हिमालयाच्या थंडीत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांनी सैल लोकरी झग्याचेच उत्तर काढले आहे. त्या सगळ्यांवर अकबराने सक्ती केली नव्हती. काश्मीरपुरते पाहिले तरी सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांगने तिथल्या लोकांचे चामड्याचे अंगरखे नोंदवले आहेत, आणि नीलमतपुराणात पहिल्या हिमवर्षावाच्या दिवशी जाड वस्त्रे पांघरून बर्फावर बसण्याचा उत्सव सांगितला आहे. थंडीसाठीचे जाड कपडे काश्मीरमध्ये मोगलांच्या कितीतरी आधीपासून होते. ‘फेरन’ हा शब्द फारसीतल्या ‘पैराहन’ या शब्दाशी जोडला जातो, पण नाव बाहेरून आले म्हणून वस्तूही बाहेरून आली असे होत नाही. आपण सदरा म्हणतो तेव्हा अरबी शब्द वापरतो, म्हणून आपल्या आजोबांचा सदरा अरबस्तानातून आलेला नव्हता.

मग ही कथा टिकली का? कारण ती उपयोगी होती. काश्मिरी माणसाला स्वतःच्या परतंत्र स्थितीचे कारण तिच्यात सापडे, आणि त्याच्यावर राज्य करणाऱ्यांना किंवा त्याला सुधारायला आलेल्यांना त्याच्या कथित भित्रेपणाचा उगम सापडे. दोघांचेही समाधान करणारी कथा सहसा मरत नाही.

कोणी शिवला?

जहाँगिराच्या नोंदीकडे पुन्हा एकदा जाऊ. बादशाहाच्या नजरेत भरला तो मळ. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मधला छोटासा तपशील : कापड विणकराकडून येते आणि बायका ते घरी शिवतात. म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विणकाम हा घराबाहेरचा व्यवसाय होता, पण हिवाळी पोशाख शिवणे हे घरातल्या स्त्रीचे काम होते. तीन-चार वर्षे एकच सदरा, याचाही अर्थ नीट लावला पाहिजे. ज्याच्याकडे एकच लोकरी कपडा आहे त्याने तो चिलई कलानमध्ये धुतला तर वाळेपर्यंत घालायचे काय?

शिवण्याच्या आधीचे काम तर त्याहून मोठे. मेंढीची लोकर कातरून आणायची, काडीकचरा वेचून स्वच्छ करायची, पिंजायची आणि येंदरवर, म्हणजे चरख्यावर, सूत काढायचे. सूत काढणे हे जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांचे काम होते. १८८९ ते १८९५ या काळात काश्मीरमध्ये जमाबंदीचे काम पाहणाऱ्या वॉल्टर लॉरेन्सने १८९५ च्या आपल्या ग्रंथात हिवाळ्यात शेते बर्फाखाली असताना खेड्यांतून लोकर कातण्याचे आणि पट्टू विणण्याचे काम चालते, असे नोंदवले आहे. शेतीचे वर्ष थांबते तेव्हा कपड्याचे वर्ष सुरू होते. विणून झालेले कापड ओले करून पायांनी तुडवत, त्यामुळे लोकरीचे धागे एकमेकांत घट्ट बसतात, कापड आटते आणि वाऱ्याला दाद देत नाही.

शाल आणि पट्टू यांच्यातला फरक इथे लक्षात घ्यावा. शालीची लोकर लडाख-तिबेटच्या बकऱ्यांची, बाहेरून येणारी. ती विणणारा कारखानदाराचा बांधील, आणि वसुली करणारे सरकार शिक्का घेऊन दाराशी. पट्टूची लोकर जवळच्या मेंढीची, कातणारी घरची, वापरणारेही घरचे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्समधली मागणी कोसळली आणि शालीचा धंदा बसला. पाठोपाठ १८७७-७९ च्या दुष्काळात खोरे उद्ध्वस्त झाले. शालीच्या इतिहासात ही तारीख म्हणजे शेवटचा अध्याय. फेरनच्या इतिहासात तिथे असा खंड पडत नाही, कारण ज्या घरात कोणी जिवंत उरले होते त्या घराला पुढच्या हिवाळ्यात फेरन लागणारच होता.

सजावट कुठे असते?

आता भरतकामाकडे येऊ. संग्रहालयात काचेआड ठेवलेले फेरन पाहिले तर ते बहुधा मखमलीचे किंवा तलम लोकरीचे, सोनेरी जरीने भरलेले असतात. रोजच्या वापरातले पट्टूचे फेरन संग्रहालयात फारसे दिसत नाहीत, कारण ते वापरून झिजले, ठिगळे लागली, मग त्यांतून लहान मुलाचा कपडा निघाला, मग अंथरुणात गेले. जे उरते ते समारंभाचे आणि श्रीमंतांचे. वस्त्रांच्या इतिहासात हा कल कायम लक्षात ठेवावा लागतो.

तरीही साध्या आणि भारी, दोन्ही फेरनांत एक गोष्ट समान आहे. सजावटीची जागा. ती असते गळ्याच्या चिरेभोवती, बाहीच्या तोंडाशी, खिशाच्या कडेला आणि खालच्या काठावर. पाठीवर किंवा पोटावर क्वचितच. आता कोणत्याही जुन्या अंगरख्याला आधी कुठे विरायला लागते ते आठवा. डोके घालताना ताणली जाणारी गळ्याची चीर, सतत घासणारी बाही, हात घालून घालून सैल झालेला खिसा, जमिनीला लागणारा काठ. कपडा जिथे आधी फाटतो नेमका तिथेच गोट, डोरी किंवा दाट टाके आहेत. गरीब घरात हे काम लाल पट्टीने किंवा रंगीत दोऱ्याच्या टाक्यांनी भागे, श्रीमंताकडे तेच सोन्याच्या जरीने होई. काठ मजबूत करण्याच्या गरजेतून ही सजावट आली असे मला दिसते. गरज भागल्यावर हौस तिथेच वाढली.

जरीच्या या कामाला तिल्ला म्हणतात. यातली जर म्हणजे आपली कलाबूत : रेशमी किंवा सुती दोऱ्याभोवती धातूची अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली. अशी जर सुईत ओवून कापडातून खालीवर ओढली तर धातूची पट्टी खरवडते आणि तुटते. म्हणून ती कापडावर नुसती मांडतात आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजाग टाका घालून बांधतात. तिल्ल्याचे काम खरे की नक्कल हे पाहायचे असेल तर कपडा उलटा करावा. सुलट्या बाजूला सोनेरी वेल आणि उलट्या बाजूला फक्त साध्या दोऱ्याचे बारीक टाके दिसतात. महाग जरीचा एक धागाही आत लपून वाया जात नाही. दुसरा प्रकार आरीचा. आकडी असलेल्या सुईने साखळी टाका घालत जायचे, हे काम तिल्ल्यापेक्षा भराभर होते.

नक्षी आधी नक्काश काढतो. कागदावर आकृती, तिच्या रेषांवर सुईने टोचलेली छिद्रे, मग तो कागद कापडावर ठेवून वरून पूड चोळायची, की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. रांगोळीचे छापे वापरणाऱ्याला ही युक्ती लगेच कळेल. आकृत्या खोऱ्यातल्याच : चिनाराचे पान, बदाम, कमळ, नर्गिस. नक्काश आणि तिल्ल्याचे कारागीर परंपरेने पुरुष. म्हणजे ज्या घरगुती पोशाखाबद्दल आपण बोलतो आहोत तो भारी असेल तेव्हा पूर्णपणे घरगुती राहत नसे. सूत बाईने काढलेले, कापड विणकराचे, नक्षी नक्काशाची, जर कारागिराने मांडलेली आणि शेवटची जोडणी पुन्हा घरातली किंवा शिंप्याची. ‘घरी बनवलेला’ या शब्दांत असे बरेच हात लपलेले असतात. त्यातल्या नक्काशाला आणि कारागिराला मजुरी मिळे. सूत काढणारीचे काम घरकामात जमा होई.

सजावट ओळखही सांगे. पंडित विवाहितेच्या फेरनला गळ्यापाशी, बाह्यांना आणि काठाला लाल पट्टी लावत, तिला नरिवार म्हणत. डोक्यावर तरंगा हे अनेक थरांचे शिरोवस्त्र आणि कानांत लोंबणारे डेझहोर असा तिचा पूर्ण वेष. मुसलमान वधूच्या फेरनवर गळ्यापासून छातीपर्यंत तिल्ला भरलेला असे. बेतणी जवळजवळ तीच, पण लांबी, काठ आणि शिरोवस्त्र पाहून कोण कोणाकडची हे दुरूनही समजे.

शाळा, दवाखाना आणि कांगडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेरनकडे पाहणारी नवी माणसे आली. मिशनरी शिक्षक सेसिल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये श्रीनगरला पोहोचला. पायघोळ फेरन घालून आत कांगडी धरून बसलेली ब्राह्मण मुले वर्गात पाहून तो वैतागला. पोहणे, होड्या वल्हवणे, फुटबॉल यांतून त्याला ‘पुरुष’ घडवायचे होते. १८९१ मध्ये त्याने मुलांना चामड्याच्या चेंडूने खेळायला भाग पाडले, तेव्हा मुलांचा विरोध होता तो चामड्याच्या विटाळामुळे, पण बिस्कोच्या वर्णनात फेरन आणि खडावाही तितक्याच ठळक आहेत. त्याच्या लेखी कपडा सुटला की भित्रेपणा सुटणार होता. मैदानावर फेरन अडचणीचा, हे त्याचे म्हणणे खरेच होते. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र इंग्लंडातल्या त्या काळच्या शाळांमधून आलेला होता.

डॉक्टरांचे निरीक्षण अधिक नेमके निघाले. विल्यम एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्ये काश्मिरी लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध कांगडीशी जोडला. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात अर्नेस्ट नेव्ह याने अशा रुग्णांवर दीर्घकाळ काम करून १९२३ मध्ये त्यावर लेख लिहिला. वर्षानुवर्षे एकाच जागी निखाऱ्याची धग लागून त्वचा आधी जाळीदार तांबूस-काळी होते आणि काहींना पुढे कर्करोग होतो. फेरनच्या घेराची स्तुती करताना हे विसरू नये. त्याच घेरामुळे शेगडी तासन्‌तास अंगाला चिकटून राहू शकत होती.

फेरन की साडी

बिस्कोचे बोलणे परक्याचे म्हणून सोडून देता येई. १९३० च्या दशकात तोच सूर घरातून उमटला. काश्मिरी पंडित समाजात सामाजिक सुधारणांची चळवळ उभी राहिली आणि तिचे नेते कश्यप बंधू यांनी विधवाविवाह, लग्नातला खर्च यांच्या जोडीने स्त्रियांच्या पोशाखाचा प्रश्न घेतला. फेरन आणि तरंगा सोडून साडी नेसावी, असा प्रचार सुरू झाला. कारणे व्यवहाराची दिसतात. पोशाख जड, धुवायला अवघड, आणि लग्नाच्या पूर्ण वेषाचा खर्च मोठा. मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या, त्यांना चालायला-फिरायला सुटसुटीत काही हवे होते.

पण व्यवहारच पाहायचा तर साडी हे काश्मीरच्या हिवाळ्याला उत्तर नाही, हे कोणालाही दिसत होते. साडीत दुसरेच काही होते. देशभर सुशिक्षित हिंदू स्त्रीचा पोशाख म्हणून ती तेव्हा रूढ होत होती, आणि साडी नेसणे म्हणजे त्या मोठ्या वर्तुळात जाणे होते. हा काळही ध्यानात घ्या. १९३१ च्या आंदोलनानंतर खोऱ्यातल्या समाजांमध्ये नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व यांवरून तणाव होता. अशा वेळी जो पोशाख दोन्ही समाजांत थोड्याफार फरकाने सारखा होता तो एका समाजातल्या स्त्रियांनी सोडणे, ही निव्वळ सोयीची बाब राहत नाही. निर्णयाच्या जाहीर चर्चेत पुरुषांचा आवाज मोठा होता. फेरन शिवणाऱ्या आणि घालणाऱ्या बायकांचे म्हणणे छापील कागदांत फारच थोडे सापडते. त्यांनी काय केले ते मात्र दिसते. तरुण मुलींनी साडी घेतली, अनेक वृद्ध स्त्रियांनी शेवटपर्यंत फेरन सोडला नाही, आणि ज्यांनी साडी घेतली त्यांनीही हिवाळ्यात घरी साडीवरून फेरन चढवला. १९९० नंतर ज्या पंडित कुटुंबांना खोरे सोडावे लागले, त्यांच्यात तर जम्मू-दिल्लीच्या सौम्य थंडीतही आजीचा फेरन जपून ठेवलेला असतो.

पट्टूची जागा दरम्यान गिरणीच्या रफलने आणि ट्वीडने घेतली. ही कापडे रुंद पन्ह्याची असल्यामुळे कापडाच्या अरुंदपणाचे जुने बंधन गेले. घरोघरी शिवणयंत्र आले, जर सुरतहून येऊ लागली, हाताच्या तिल्ल्याशेजारी यंत्राचा तिल्ला विकला जाऊ लागला. डिसेंबर २०१८ मध्ये काश्मीरमधल्या शिक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने कार्यालयात फेरन घालून येऊ नये असा आदेश काढला. टीका होताच तो मागे घ्यावा लागला. त्या वादात फेरन अव्यवस्थित दिसतो हे एका बाजूचे म्हणणे आणि ती आमची ओळख आहे हे दुसऱ्या बाजूचे. कार्यालयात हीटर आहे का, हा प्रश्न दोन्हीकडून कमीच विचारला गेला.

श्रीनगरच्या दुकानांत आज मिळणारा तरुणांचा फेरन मुंढा कापून, खांद्याला नीट बसेल असा शिवलेला असतो. समोर बटणे किंवा चेन, बाही मनगटाशी निमुळती, लांबी गुडघ्यापर्यंत. गळ्याभोवती तिल्ल्याची वेल असते, कारण ती नसेल तर लोक त्याला फेरन म्हणणार नाहीत. त्याच्या बाहीतून हात मात्र आत ओढून घेता येत नाही, आणि वीज गेली की कांगडी मांडीवर ठेवून वरून पांघरूण घ्यावे लागते.